मासे संपले, पूल राहिला: कॅरिक-अ-रीडचा दोरीचा पूल

(या भागाची ही लेखी आवृत्ती आहे. बोलताना दोन-तीन ठिकाणी माझी गाडी भरकटली होती, ते कापलंय. बाकी जसंच्या तसं.)

कानात इअरफोन असतील आणि लोकलमध्ये दाराशी उभे असाल, तर आधी जरा आत सरका. आजचा विषय उंचीचा आहे.

मी गेली दोन वर्षं बेलफास्टमध्ये आहे, नॉर्दर्न आयर्लंडची राजधानी. कामाला सॉफ्टवेअर, राहायला एक छोटी खोली, आणि शनिवार-रविवारी जायला समुद्र. इथून उत्तरेला गाडीने साधारण दीड तासावर अँट्रिमच्या किनाऱ्यावर बॅलिन्टॉय नावाचं गाव आहे. त्याच्या जवळ मुख्य भूमी आणि एका टीचभर बेटाच्या मधे दोरीचा एक पूल टांगलाय. कॅरिक-अ-रीड. लांबी २० मीटर, खाली खडक आणि पाणी, त्यापासून उंची ३० मीटर. ३० मीटर म्हणजे आपल्याकडच्या नऊ-दहा मजली बिल्डिंगची गच्ची. इन्स्टावर तुम्ही तो नक्की पाहिला असणार: निळं-हिरवं पाणी, मधे हात पसरून उभं असलेलं कुणीतरी.

पहिल्यांदा मी ऑफिसच्या लोकांबरोबर गेले तेव्हा पूल ओलांडलाच नाही. पुलाकडे उतरायला खडकाला लागून उभ्या पायऱ्या आहेत. तिथपर्यंत गेले, एक पाय फळीवर ठेवला, फळी हलली, आणि मी मागच्या माणसाला ‘सॉरी सॉरी’ करत वर आले. घरी फोनवर मात्र सांगितलं की वारा खूप होता, पूल बंद होता. खोटं. वारा नव्हता. मग या जूनमध्ये आई-बाबा आले आणि आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तो बंद होता तो पूल, तो आता उघडला असेल ना गं?”

तर त्या दुसऱ्या फेरीची आणि त्याआधी मी घाबरून जे जे वाचून काढलं त्याची ही गोष्ट. इंजिनिअर माणसाला भीती वाटली की तो आकडेमोड करतो, तसंच.

पहिला प्रश्न: त्या बेटावर आहे काय, की तिथे जायला पूल बांधावा? आजच्या हिशेबात काही नाही. थोडं गवत, पक्षी, आणि मच्छीमारांचं एक पांढरं बुटकं घर. पण हा पूल फोटोसाठी बांधलेला नाहीच. तो सॅल्मन पकडणाऱ्यांचा पूल आहे. १७५५ साली इथे पहिला पूल टाकला असं सांगतात, आणि मासेमारी तर त्याच्याही आधीपासून, १६२० पासूनची. (इथे एक खुलासा: आपल्याकडे मेनूकार्डवर रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ लिहितात. तो वेगळा मासा. हा अटलांटिक सॅल्मन.)

सॅल्मनचं आयुष्य म्हणजे मोठा गावाकडचा ओढा. जन्म नदीच्या गोड्या पाण्यात, मग पोरगेलं वय झालं की समुद्रात, पार ग्रीनलंडच्या बाजूपर्यंत. तिथे एक-दोन वर्षं खाऊन-पिऊन धष्टपुष्ट व्हायचं आणि अंडी घालायला परत आपल्याच नदीत यायचं. नदीजवळ आल्यावर ती ओळखायची कशी, तर वासावरून. या भागात दोन नद्या त्यांच्या आवडीच्या, बुश आणि बॅन. दोन्हींची मुखं पुलाच्या पश्चिमेला. मासे किनाऱ्याला धरून पश्चिमेकडे पोहत येतात आणि वाटेत हे बेट आडवं येतं. मग वळसा घालावा लागतो. मच्छीमारांनी नेमकी ती वळणाची जागा हेरली आणि तिथे जाळं लावलं. माशाच्या मागे बोट घेऊन हिंडायचं नाही, मासा आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या परांनी, जाळ्यात येणार. नावाचे अर्थसुद्धा दोन सांगतात: एक, ‘जाळं टाकायचा खडक’, दुसरा, ‘वाटेतला खडक’. मला दुसरा आवडतो, कारण तो माशाच्या बाजूने विचार करतो.

आता जाळं बेटाला बांधलेलं, बोट बेटावरून पाण्यात सोडायची, आणि पकडलेला माल मात्र मुख्य भूमीवर न्यायचाय. मधे ही घळ. समुद्र शांत असेल तर वळसा घालून बोटीने जाता येईल, पण अँट्रिमचा समुद्र शांत असायची वाट बघत बसला तर मासा नासेल. म्हणून दोर. हंगाम आला की पूल टांगायचा, हंगाम संपला की काढून ठेवायचा. १९७० च्या दशकापर्यंत त्याला हाताला धरायला एकच दोर होता आणि फळ्यांमधे मोठमोठी अंतरं. त्यावरून माणसं खांद्यावर मासे घेऊन जायची.

हे मी आईला बॅलिन्टॉयकडे जाताना गाडीत सांगत होते. आईचं माहेर गुहागरकडचं. ती म्हणाली, “मग साकवच की हा.” त्यांच्या वाडीच्या पऱ्ह्यावर दर वर्षी पावसाआधी पोफळीची खोडं टाकून साकव घालायचे, एखाद्या जुलैत तो वाहून जायचा, मग परत घालायचे. मी म्हटलं, “अगं, तुझा साकव जमिनीपासून किती उंच? सहा फूट?” ती म्हणाली, “पाणी भरलं की उंची कोण मोजतं?”

गाडी लावली तिथून पुलापर्यंत साधारण एक किलोमीटर चालायचं आहे, कड्याच्या काठाकाठाने. ही वाट पुलाइतकीच भारी आहे, आणि लोक ती ‘पुलाकडे चला’ या घाईत वाया घालवतात. समोर रॅथलिन बेट, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्या पलीकडे स्कॉटलंडचा किनारा दिसतो. बाजूला लॅरीबेनची जुनी चुनखडीची खाण. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्यांनी इथे रेन्लीच्या छावणीचं शूटिंग केलंय. पांढराशुभ्र खडू-खडक आणि त्याला खेटूनच काळा दगड, असं मधेच रंग बदलल्यासारखं दिसतं. त्याचं कारण असं की कॅरिक-अ-रीडचं बेट म्हणजे एका ज्वालामुखीच्या नळीतला गोठलेला बूच आहे. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा त्या पांढऱ्या खडकाला फोडून वर आला. नळीतला कठीण दगड टिकला, आसपासची मऊ राख-माती समुद्राने खाल्ली, आणि मधे घळ तयार झाली. म्हणजे पूल ज्याच्यावरून जातो ती फट हे समुद्राचं काम.

काळा दगड बघून बाबा म्हणाले, “हा तर आपलाच कातळ.” आणि गंमत म्हणजे ते फार चुकीचं नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा, अँट्रिमचा त्याहून थोडा तरुण. इथून जवळच ‘जायंट्स कॉजवे’ आहे, जिथे लाव्हा थंड होताना तडकून जवळजवळ ४०,००० षटकोनी-पंचकोनी खांब तयार झालेत. जगभरातून लोक ते बघायला येतात. तसेच खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत, आणि त्यांच्या अंगाला बिल्डिंगी चिकटल्यात. असो. हा वेगळ्या भागाचा विषय आहे आणि त्यात मी चिडते.

आता पूल. मला जे हवं होतं ते एकच: हा तुटणार नाही याची खात्री. तर बघा.

तुमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. दोन खिळे, मधे दोरी. आई म्हणते, दोरीला झोळ आलाय, जरा ओढून बांध. (झोळ म्हणजे दोरीचा मधला उतार. ऑफिसातला तो ‘झोल’ नव्हे.) तुम्ही ती ताठ बांधता, वर ओला टॉवेल टाकता, आणि भिंतीतला खिळा बाहेर येतो. टॉवेलचं वजन तर तेवढंच होतं! झालं काय? वजन तोलायला दोरीला वरच्या दिशेने ओढावं लागतं, आणि दोरी जितकी आडवी, तितका तिच्या ओढीतला ‘वर’चा हिस्सा कमी. मग तेवढाच टॉवेल तोलायला तिला कितीतरी जास्त ताण घ्यावा लागतो.

याचं साधं सूत्र आहे: भार गुणिले लांबी, भागिले झोळाची आठपट. आकडे मी समजण्यासाठी धरते, पुलाच्या कागदपत्रांतले नव्हेत. २० मीटर लांबी, माणसं आणि फळ्या मिळून १,००० किलो, आणि मधे १ मीटर झोळ. दोरांवर आडवा ताण येतो २,५०० किलोचा. झोळ दुप्पट केला तर ताण निम्मा, १,२५०. आणि कुणा शहाण्याने पूल ‘छान सपाट’ दिसावा म्हणून झोळ पाव मीटरवर आणला, तर १०,००० किलो! म्हणजे पुलाला पोट आहे म्हणून तो सुरक्षित आहे. चढताना जी आधी उतरण लागते, मधे सपाट आणि शेवटी चढ, तिला बघून मी पहिल्या वेळी घाबरले होते. तीच तर त्याची ताकद निघाली.

आत्ताचा पूल २००८ चा. नाव दोरीचा पूल असलं तरी आज भार घेतात पोलादी तारांचे पीळदार दोर, आणि पायाखालच्या फळ्या डग्लस फर नावाच्या लाकडाच्या. याच्या आधी २००० साली जो बसवला होता तो १० टनांपर्यंत तपासलेला होता. पूल नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात, दोन्ही टोकांना त्यांचे लोक उभे असतात. मे २०१७ मध्ये कुणीतरी रात्रीचं येऊन दोर कापायचा प्रयत्न केला होता. पूल बंद केला, दुरुस्ती केली, मगच परत उघडला. हे वाचून माझी भीती वाढायला हवी होती, पण उलट झालं. कापायचा प्रयत्न करूनही तो पडला नाही, हे माझ्या डोक्यात बसलं.

मग हलतो का? कारण दोराला स्वतःचा आकार नसतो. तो वजनाप्रमाणे आकार घेतो. तुम्ही जिथे पाय द्याल तिथे तो खाली जातो आणि दुसरीकडे वर येतो. म्हणजे समोरून येणाऱ्याचं पाऊल तुमच्या गुडघ्यात जाणवतं. सगळे एका तालात चालले की हे वाढत जातं. लंडनचा मिलेनियम ब्रिज आठवतोय? तो काही दोरीचा नव्हता, कोट्यवधी पाउंडांचा नवाकोरा पोलादी पूल, जून २००० मध्ये उघडला आणि लोकांच्या चालण्याने असा डोलायला लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला. त्यामुळे ग्रुपमधला जो कोणी मधे उभं राहून उड्या मारतो, त्याला आधीच समज द्या. पूल तुटणार नाही, मैत्री तुटेल.

वाऱ्याचं गणित याहून वाईट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. म्हणून गाडी लावताना ‘हवा तर बरी आहे’ वाटलं तरी पूल बंद असू शकतो. तिकीट आधी, वेळेच्या स्लॉटसकट काढावं लागतं, तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवसाची स्थिती साइटवर बघूनच निघा.

आणि एक व्हिसाची गोष्ट, कारण हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच आहे. डब्लिनहून बसने उत्तरेला आलात तर मधे चौकी नाही, कुणी पासपोर्ट मागत नाही. म्हणून काही जण समजतात की आयर्लंडचा व्हिसा पुरतो. नॉर्दर्न आयर्लंड यूकेत आहे, चौकी नसली तरी व्हिसा लागतोच. भारतीयांसाठी दोन्ही देशांना चालणारी एक संयुक्त योजना आहे, पण व्हिसावर तसा शिक्का असेल तरच. तो बघून घ्या.

तर, पूल तुटणार नाही हे मला आता आकड्यांनी माहीत होतं. पायऱ्यांवर उभी राहिले आणि तळपायांना नेमका तसाच घाम फुटला.

याचं कारणही नंतर सापडलं. आपण सरळ उभे असतो तेव्हाही शरीर किंचित डुलत असतं, आणि ते सावरायला तीन सेन्सर काम करतात: कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र, पायांचे सांधे-स्नायू, आणि डोळे. डोळे काय करतात? जवळची वस्तू थोडी सरकली की ‘तू डुललास’ असा निरोप देतात. पण खाली बघाल तर सगळ्यात जवळची वस्तू ३० मीटर लांब. तुम्ही दोन सेंटीमीटर डुललात तर ती डोळ्यांना सरकलेलीच दिसत नाही. तिसरा सेन्सर गप्प. त्यात पायाखालची फळी खरोखर हलतेय. मेंदूला तीन इनपुट, तिन्ही वेगळी. आमच्याकडे अशा वेळी प्रोग्रॅम क्रॅश होतो. माणूस जागच्या जागी थिजतो. तेव्हा ‘घाबरट आहेस’ म्हणणाऱ्यांना सांगा, हा सेन्सरचा प्रॉब्लेम आहे. उपाय साधा: खाली न बघता समोरच्या टोकावरच्या एका ठरावीक जागेकडे बघायचं, आणि दोन्ही हात दोरांना हलके लागलेले ठेवायचे. हाताचा स्पर्श म्हणजे डोळ्यांच्या जागी मिळालेला बदली खेळाडू.

हे सगळं मी आईला पायऱ्यांवर उभी राहून समजावत होते. मागे रांग. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “डोक्यावर भारा असला की मान खाली करताच येत नाही. म्हणून आम्हाला कधी भीती वाटली नाही वाटतं.” आणि पर्स गळ्यात आडवी अडकवून चालायला लागली.

मी तिच्या मागे गेले. तिच्या वेणीकडे बघत. वीस मीटर चालायला एक मिनिटही लागत नाही. मधे एकदा उजवीकडून पाण्याचा आवाज एकदम वर आला आणि मी थांबले, दोर धरून. वारा कानात. पुढून आई न वळता म्हणाली, “ये, मी आहे.” आणि मी गेले. बाबा मागून व्हिडिओ काढत होते, त्यात माझा फक्त पाठमोरा खांदा आहे. तो व्हिडिओ मी पोस्ट करणार नाही.

बेटावर पोचल्यावर वाटतं, झालं. मग लक्षात येतं, परतीचा रस्ताही हाच. पूल ओलांडून गेलेले आणि परत यायला धजावले नाहीत म्हणून ज्यांना बोटीने उतरवून न्यावं लागलं, असे पाहुणे इथे होऊन गेलेत. कुणी पडून जखमी झाल्याची नोंद मात्र नाही.

मच्छीमारांच्या त्या घराजवळ आम्ही बराच वेळ बसलो. कड्यांवर रेझरबिल आणि गिलिमॉट पक्ष्यांची वस्ती, त्यांचा कलकलाट. माणसांचा मासळीचा बाजार मात्र संपलेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या भागात, साधारण १९६० च्या दशकापर्यंत, इथे दिवसाला जवळजवळ ३०० सॅल्मन मिळायचे. २००२ मध्ये अख्ख्या हंगामात मिळाले ३००. त्याच वर्षी इथली मासेमारी थांबली. मी आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा टायपो वाटला होता.

कारण एक नाही. १९६० च्या दशकात ग्रीनलंडजवळ, जिथे हे मासे वाढायला जातात, तिथेच मोठ्या प्रमाणात जाळी पडायला लागली. नद्यांमधे बंधारे आले, घाण आली. १९८३ मध्ये देशांनी मिळून केलेला करार लागू झाला, खोल समुद्रातली सॅल्मनची मासेमारी जवळजवळ थांबली, तरी समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी परत येणाऱ्यांचं प्रमाण घसरतच राहिलं. त्यात तापणाऱ्या समुद्राचाही हात आहे. बेटावर जाळं लावणारा माणूस यातलं काय थांबवू शकणार होता? तो त्याच जागी, त्याच वळणावर बसून होता. वळणावर येणारं कोणी उरलं नाही.

आणि २०१८ मध्ये पूल बघायला वर्षभरात पावणेपाच लाखांहून जास्त माणसं आली. आता तीच त्याची मासळी. मी हे टोमण्याने म्हणत नाहीये; तिकिटं नसती तर मासे संपल्यावर हा पूल कुणी कशाला टांगला असता? पण हा आकडा आणि तो ३०० चा आकडा एकाच पाटीवर असावेत असं मला वाटतं. आपल्या पोरांना पूल ‘थ्रिल’ म्हणून माहीत आहे. तो कुणाचा तरी कामावर जायचा रस्ता होता, आणि ते काम आपल्या आई-वडिलांच्या हयातीत संपलं.

आईने घराच्या भिंतीला हात लावून बघितला. मग विचारलं, “पकडणारे गेले कुठे?” मला उत्तर देता आलं नाही.

परत येताना मी पुढे होते. एकदा खाली बघितलंच. पाणी खरंच त्या फोटोतल्यासारखं हिरवं आहे.

बेलफास्टला येताना सुपरमार्केटमधून सॅल्मनचे दोन तुकडे घेतले. पाकिटावर लिहिलेलं होतं, स्कॉटलंड, शेतीतला. हल्ली दुकानातला अटलांटिक सॅल्मन जवळजवळ सगळा असाच, पिंजऱ्यात वाढवलेला. आईने बॅगेतून आणलेलं आगळ आणि तिखट लावून तव्यावर टाकला. खिडकी उघडी, शेजाऱ्यांना ठसका. एक घास खाऊन ती म्हणाली, “बरा आहे. रावसाची सर नाही.” बाबांनी दोन्ही तुकडे संपवले.

चला, पुढच्या गुरुवारी भेटू. गिल्बर्ट हिलवर चिडायचंय.